शेकडो प्रयोग, एकही नाव ओळखीचं नाही: ब्रायटन फ्रिंजला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात लंडनला मुलाकडे येताय, दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन शहरात भरणाऱ्या ब्रायटन फ्रिंज या कलामहोत्सवाला दोन दिवस जाऊ असं तो म्हणतोय, वेबसाइट उघडली तर शेकडो कार्यक्रम दिसले आणि एकाही कलाकाराचं नाव ऐकलेलं नाही. तेव्हा जावं का, निवडायचं कसं, इंग्रजी कितपत कळेल, आणि कार्यक्रम सोडून तिथे दुसरं काय आहे?

जरूर जा. मी दक्षिण इंग्लंडमध्येच राहते आणि मे उजाडला की माझी ब्रायटनला फेरी होतेच. नावं ओळखीची नाहीत म्हणून बिचकू नका. तिथल्या रांगेत उभ्या असलेल्या बहुतेकांना ती ओळखीची नसतात. महोत्सवाची रचनाच तशी आहे, आणि ती एकदा समजली की निवडणं पुष्कळ सोपं होतं.

एरवी महोत्सव म्हटला की एक समिती असते. ती नाटकं बघते, बोलावते, मानधन देते. फ्रिंजमध्ये असं कोणी नसतं. ज्याला प्रयोग करायचा आहे त्याने स्वतः जागा शोधायची, नोंदणीची फी भरायची, आणि करायचा. ही पद्धत आली स्कॉटलंडमधल्या एडिनबराहून. १९४७ साली तिथे पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला तेव्हा आठ नाटक कंपन्या आमंत्रण नसताना येऊन दाखल झाल्या आणि मिळेल त्या हॉलमध्ये त्यांनी प्रयोग लावले. आज जगभरातले बहुतेक फ्रिंज त्याच वाटेने चालतात. म्हणजे तुमच्यापुढे जी शेकडो नावं आहेत ती कुठल्याही समितीने चाळून घेतलेली नाहीत. उत्तम, मध्यम, कच्चं, अगदीच फसलेलं, सगळं एकाच यादीत, एकाच आकाराच्या चौकटीत. चाळणी तुमच्या हातात.

इथे एक गोंधळ आधीच दूर करते. ब्रायटनमध्ये मे महिन्यात दोन महोत्सव एकाच वेळी चालू असतात. एक ब्रायटन फेस्टिव्हल, १९६७ पासूनचा. तो निवडून, ठरवून केलेला असतो. बहुतेक वर्षी त्याला एक पाहुणा दिग्दर्शक असतो. २००९ साली ही प्रथा सुरू झाली तेव्हा पहिले होते शिल्पकार अनिश कपूर, आणि २०२५ साली सतारवादक अनुष्का शंकर. दुसरा ब्रायटन फ्रिंज, मेच्या सुरुवातीपासून महिनाअखेरीपर्यंत, कधी जूनच्या पहिल्या दिवसांपर्यंत चालणारा. दोघांच्या वेबसाइट वेगळ्या, तिकिटं वेगळी. तुमच्या मुलाने फ्रिंज म्हटलंय, पण एक संध्याकाळ तरी नक्की चांगली जावी असं वाटत असेल तर एक तिकीट फेस्टिव्हलचं काढा आणि बाकी वेळ फ्रिंजला द्या. असं मिसळून केलं तर मनावर ताण राहत नाही.

आता निवडीचं. फ्रिंजचा कलाकार बहुधा स्वतःच्या खिशातून खर्च करून आलेला असतो, आणि बाकीचं सगळं त्यातून ठरतं. एकाच खोलीत दिवसभरात चार-पाच वेगवेगळे प्रयोग लागतात, त्यामुळे प्रत्येकाला साधारण तासभर मिळतो. आधीचा खेळ संपला की पंधरा-वीस मिनिटांत सामान बाहेर, पुढच्याचं आत. म्हणून नेपथ्य बहुतेक वेळा एका बॅगेत मावेल एवढंच. पात्रं एक, दोन, फार तर तीन. मध्यंतर नाही. उशिरा आलात तर आत सोडत नाहीत, कारण कित्येक ठिकाणी दरवाजा आणि रंगमंच एकाच बाजूला असतात. तिकिटावर सात लिहिलंय म्हणजे सातला सुरू होतं. दहा मिनिटं आधी दारात असा.

मी निवडताना नाव सगळ्यात शेवटी बघते. आधी वेळ, मग जागा. ब्रायटन पायी फिरण्यासारखं आहे, पण चढउताराचं आहे. स्टेशन उंचावर, समुद्र खाली. नॉर्थ लेन भागातल्या कोमेडियासारख्या जागेतून ओल्ड स्टाइन बागेकडे चालत सहज जाता येतं. शेजारच्या होव्ह भागाच्या टोकाला एखादा प्रयोग असेल तर मात्र बस धरावी लागते. दोन प्रयोगांमध्ये किमान पाऊण तास मोकळा ठेवा. दिवसाला तीनच्या वर जाऊ नका. चौथ्याला बसल्यावर पहिल्यातलं काही आठवेनासं होतं, आणि ज्याने वर्षभर राबून तो तास उभा केलाय त्याच्यावरही तो अन्याय होतो. तीनपैकी एकाचं तिकीट आधीच काढून ठेवा, दुसरं त्या दिवशी सकाळी ठरवा, आणि तिसऱ्याची जागा रिकामी राहू द्या. ती रस्त्यावर भरते.

रस्त्यावर म्हणजे कशी, तर पत्रकं वाटणारी माणसं भेटतील. त्यांना चुकवून पुढे जाऊ नका. पत्रक देणारी व्यक्ती पुष्कळदा स्वतः कलाकारच असते. दुपारी चारला तिने कागद दिला तर रात्री आठला तीच रंगमंचावर दिसते. तिला सरळ विचारा: तुमच्या प्रयोगात घडतं काय? ज्याला हे दोन वाक्यांत सांगता येतं त्याचा प्रयोग बहुधा नेटका निघतो. नुसतंच ‘खूप मजा येईल’ म्हणाली तर हसून पुढे व्हा. वेबसाइटवरची माहिती वाचतानाही हाच निकष लावा. धाडसी, अविस्मरणीय, पोटभर हसवणारा, असल्या विशेषणांनी भरलेला मजकूर सोडून द्या. ‘आईचं घर रिकामं करताना एका बाईला पत्रांचं खोकं सापडतं’ असं काही ठोस लिहिलेलं असेल तिथे थांबा. पोस्टरवर पाच तारे छापलेले असतील तर ते कोणी दिले ते बघा. खाली नावच नसेल तर त्या ताऱ्यांना अर्थ नाही.

‘वर्क इन प्रोग्रेस’ असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ प्रयोग अजून घडतोय. एडिनबराचा फ्रिंज ऑगस्टमध्ये असतो, त्याआधी मे महिन्यात ब्रायटनला येऊन स्टँडअपवाले आपला नवा तास तपासून घेतात. हातात कागद असतो, विनोद फसला की तिथेच खूण करतात. तिकीट स्वस्त असतं. घडण बघायची आवड असेल तर मला यासारखं दुसरं काही वाटत नाही. पण पहिल्याच दिवशी पहिलाच प्रयोग म्हणून हा घेऊ नका.

इंग्रजीची तुमची शंका रास्त आहे. सगळ्यात अवघड जातं ते स्टँडअप. भाषा येत नाही म्हणून नव्हे. तिथले टीव्हीचे कार्यक्रम, राजकारणी, शाळेतल्या आठवणी, दुकानांची नावं माहीत असल्याशिवाय हशा कुठे आला ते कळत नाही, आणि त्यात ग्लासगो किंवा लिव्हरपूलच्या उच्चारांची भर. एखादा बघायचाच असेल तर मुलाला निवडू द्या. त्याऐवजी सर्कस, कळसूत्री बाहुल्या, नृत्य, देहबोलीवर उभं असलेलं नाटक, बिनशब्दांचा विदूषकी खेळ, संगीत यांतून निवडलंत तर भाषा आडवी येणार नाही. एकपात्री नाटकंही चांगली कळतात. एकच माणूस, एकच आवाज. दहा मिनिटांत कान त्या उच्चारांना सरावतो आणि मग बिघडत नाही. वयोमर्यादाही बघून घ्या. फ्रिंजमध्ये शिवराळ भाषा आणि नग्नता दोन्ही असू शकतात. सोबत कोण आहे हे पाहून ठरवलेलं बरं. विनोदी किंवा विदूषकी खेळात पहिल्या रांगेतल्यांना ओढून रंगमंचावर नेतात. ते नको असेल तर तिसऱ्या रांगेत बसा, आणि कोणी हात पुढे केलाच तर नकारार्थी मान हलवा. चांगला कलाकार दुसऱ्यांदा आग्रह करत नाही.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते छोट्या प्रेक्षकसंख्येबद्दल, कारण नवीन माणूस तिथेच खट्टू होतो. तुम्ही एखाद्या पबच्या जिन्याने वर जाल, खोलीत तीस खुर्च्या असतील आणि माणसं दहा-बारा. प्रयोग फालतू असणार, म्हणूनच कोणी आलं नाही, असा विचार मनात येतो. तो काढून टाका. मोठ्या नाट्यगृहात रिकाम्या खुर्च्या म्हणजे अपयश. इथे ती रोजची अवस्था आहे. शेकडो प्रयोग एकमेकांच्या वेळेवर लागलेले असताना आठवड्यातल्या मधल्या वारी दुपारी वीस माणसं जमली तरी कलाकार खूश असतो. आणि त्या दहा-बारा माणसांत तुम्ही अंधारातले प्रेक्षक राहत नाही. तुमचा चेहरा त्याला दिसतो. तुम्ही पुढे झुकलात तर त्याचं वाक्य संथ होतं, तुम्ही हसलात तर तो तिथे क्षणभर रेंगाळतो.

एका पावसाळी दुपारी मी अशाच एका खोलीत होते. एक बाई, एक लाकडी खुर्ची आणि एक विजेरी. आपल्या वडिलांची नजर हळूहळू कशी जात गेली ते ती सांगत होती. मधे खाली बारमधून ग्लास फुटल्याचा आवाज आला. ती थांबली, त्या आवाजाच्या दिशेने मान वळवली, डोळे मिटूनच. आणि तो आवाज तिने वडिलांना ऐकू आलेला आवाज म्हणून गोष्टीत घेतला. खोलीतल्या सगळ्यांच्या लक्षात आलं की हे लिहिलेलं नव्हतं. हजार खुर्च्यांच्या थिएटरमध्ये खालच्या बारचा आवाज पोचलाच नसता. या अशा क्षणासाठी मी फ्रिंजला जाते, आणि असे क्षण कुठल्या प्रयोगात मिळतील हे कोणतीही यादी सांगत नाही. प्रयोग संपल्यावर कलाकार दाराशीच उभा असतो. आवडलं असेल तर नेमकं काय आवडलं ते त्याला सांगा. ‘छान’ एवढंच म्हणू नका. एखादा प्रसंग, एखादं वाक्य सांगा. त्याला त्याचा पुढच्या प्रयोगासाठी उपयोग होतो. न आवडलेला प्रयोगही तासाभराचाच असतो, तो बसून पूर्ण बघा. दहा जणांतून दोघं उठून गेले तर समोरच्याला ते फार लागतं.

पैशांचं म्हणाल तर पुष्कळ तिकिटं दहा-बारा पौंडांच्या आसपास असतात, काही कमी, काही जास्त. पुष्कळ प्रयोगांना ज्येष्ठांसाठी सवलतीचा दर असतो, तिकीट काढताना तो निवडायला विसरू नका. काही कार्यक्रम फुकट लागतात. शेवटी दाराशी बादली फिरते किंवा कार्डाचं यंत्र पुढे येतं. तिथे खरोखर काहीतरी द्या. फुकटचा अर्थ आधी बघा आणि मग मोल ठरवा असा आहे.

गुडघ्यांचा त्रास असेल तर वेबसाइटवर प्रत्येक जागेची माहिती नीट वाचा. पबच्या वरच्या खोल्या, तळघरं, जुनी चर्चं, तंबू, सगळीकडे लिफ्ट नसते. शंका असेल तर आधी ईमेल करून विचारा.

समुद्राबद्दल. किनारा गोट्यांचा आहे, वाळू नाही. अनवाणी चालायला जाऊ नका, आणि बसायला जाडसर काहीतरी न्या. मेमधलं दिवसाचं तापमान पंधरा-सोळा अंशांच्या आसपास असतं, पण नैर्ऋत्येचा वारा असला की ते बरंच कमी भासतं. पाणी अकरा-बारा अंश, म्हणजे पाय बुडवण्यापुरतं. दुपारी शर्टावर आणि रात्री जाकिटात, असा एकच दिवस जातो, तेव्हा जाकीट हॉटेलवर ठेवून निघू नका. हातात खाणं असेल तर सीगल पक्ष्यांकडे लक्ष असू द्या. ते मागून येतात आणि अख्खा तुकडा उचलून नेतात. सूर्यास्त साडेआठ-पावणेनऊच्या सुमारास, त्यामुळे सहाचा प्रयोग बघून बाहेर आलात तरी समोर लख्ख उजेड असतो आणि आठच्या प्रयोगाआधी पाण्याकाठी बसायला वेळ मिळतो. पूर्वेला १८९९ सालचा पॅलेस पिअर, म्हणजे समुद्रात शिरलेला धक्का, पाळणे आणि खेळांनी गजबजलेला. पश्चिमेला १८६६ च्या वेस्ट पिअरचा नुसता लोखंडी सांगाडा. तो १९७५ मध्ये बंद पडला आणि २००३ च्या आगींनी उरलासुरला गेला. मी बसते ती सांगाड्याच्या बाजूला, तिकडे गर्दी कमी.

सकाळी फारसे प्रयोग नसतात, आणि तुमच्या ‘दुसरं काय’चं उत्तर त्या सकाळींत आहे. शनिवार-रविवार असेल तर आर्टिस्ट्स ओपन हाउसेस चुकवू नका. हा फ्रिंजपासून वेगळा उपक्रम, १९८० च्या दशकात सुरू झालेला. मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी चित्रकार, कुंभारकाम करणारे, छापचित्रकार आपली राहती घरं लोकांना उघडी करतात. बैठकीच्या खोलीत चित्रं, जिन्यात चित्रं, मागच्या बागेत मातीची भांडी, स्वयंपाकघराच्या टेबलावर चहा आणि केक. आत जायला पैसे नाहीत, विकत घेतलंच पाहिजे असंही नाही. फाइव्हवेज भागातली घरं एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत, तिथून सुरुवात करा. एखाद्या गावाच्या घरांत असं सहज शिरायला मिळणं मला इतर कुठल्याही महोत्सवात अनुभवायला मिळालं नाही.

दुसरी सकाळ रॉयल पॅव्हिलियनला द्या. पुढे चौथा जॉर्ज झालेल्या राजपुत्राचा हा हौसेचा राजवाडा. १८१५ नंतर वास्तुरचनाकार जॉन नॅशने त्याला हिंदुस्थानी घाटाचे घुमट आणि मिनार चढवले. तुम्हाला तो बाहेरून ओळखीचा वाटेल आणि आत गेल्यावर चिनी नक्षीकाम बघून चक्रावायला होईल. पण माझ्या मते तिथे जायचं खरं कारण वेगळं आहे. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत, या राजवाड्यात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं. शेजारच्या डोममध्येही, जिथे आता फेस्टिव्हलच्या मैफली होतात, घुमटाखाली खाटांच्या रांगा लागल्या होत्या. आत त्या इस्पितळावर एक दालन आहे, छायाचित्रांसकट. दक्षिणेचं प्रवेशद्वार १९२१ मध्ये भारताकडून भेट म्हणून उभं राहिलं, उद्घाटन पतियाळाच्या महाराजांनी केलं.

पायात बळ असेल तर शहराच्या उत्तरेला पॅचमच्या वरच्या टेकड्यांवरची छत्री, म्हणजे स्मारकही बघा. ब्रायटनच्या इस्पितळांत मृत्यू पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांवर त्या जागी अग्निसंस्कार झाले, आणि १९२१ मध्ये तिथे पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी राहिली. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुरचनाकाराचा. गाडी दारापर्यंत जात नाही, गवतातून चढ चालावा लागतो, तेव्हा चांगले बूट घाला. त्या दिवशी संध्याकाळी एकच प्रयोग ठेवा.

राहण्याची सोय लवकर बघा. मे महिन्यात दोन सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी असते, पहिल्या आणि शेवटच्या. त्या शनिवार-रविवारी दर चढतात आणि बरीच हॉटेलं एका रात्रीचं बुकिंग घेतच नाहीत. जमलं तर मंगळवार-बुधवार धरा. गर्दी कमी, खोली स्वस्त, आणि कलाकारांशी निवांत बोलता येतं. फक्त ओपन हाउसेस तेवढी हुकतील. ब्रायटनमध्ये खोली मिळाली नाही तर रेल्वेने पंधरा-वीस मिनिटांवरचं लुइस बघा.

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून ब्रायटन साधारण तासाभराचं आहे. गाडी घेऊन येऊ नका, पार्किंग महाग आणि मिळता मिळत नाही. स्टेशनातून बाहेर पडलात की क्वीन्स रोडने सरळ खाली चालत पंधरा मिनिटांत पाण्यापाशी. परतताना मात्र एक काळजी घ्या: रविवारी आणि बँक हॉलिडेला रुळांच्या दुरुस्तीची कामं निघतात, मग मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस देतात आणि प्रवास दुप्पट लांबतो. शेवटच्या दिवसाचं रात्रीच्या प्रयोगाचं तिकीट काढण्याआधी नॅशनल रेलच्या वेबसाइटवर त्या तारखेचं वेळापत्रक बघून घ्या, आणि काम निघालेलं असेल तर दुपारचाच प्रयोग घ्या.